मंदाकिनीवहिनींचा पहारा

हसू नका रे. वर्तकनगरच्या साकेतच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय, आणि तो पोरगा थापा मारणाऱ्यातला नाही.

गेल्या नवरात्रातली गोष्ट. सप्तमीच्या संध्याकाळी साकेत थर्मासमध्ये पेज घेऊन हॉस्पिटलात गेला. वडील, आमचे गुरुदत्त, हर्नियाचं ऑपरेशन होऊन जनरल वॉर्डात पडलेले. त्यांचं घोरणं अख्ख्या कॉलनीला पाठ. पण डॉक्टरांनी साकेतला बजावलं, "हे नुसतं घोरणं नाही. झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास अडतो. मास्कचं मशीन परवा येईल. तोवर रात्री कोणीतरी जागं राहा. आवाज बंद झाला की हलवून उठवा."

इतकी वर्षं हे काम साकेतची आई करायची, मंदाकिनीवहिनी. घोरणं थांबलं की झोपेतच कोपराने ढोसायच्या. नवऱ्याने श्वास घेतला की पुन्हा डोळे मिटायच्या. बिचाऱ्या त्याच्या आदल्या वर्षी गेल्या.

त्या रात्री खुर्चीतच साकेतचा डोळा लागला. जाग आली ती शांततेने. घोरणं बंद... तो धडपडत उठणार, इतक्यात वडिलांची कूस आत दबली. जोरात. वडिलांनी श्वास ओढला.

शेजारी कोणीच नव्हतं.

पहाटेपर्यंत असंच चाललं.

सकाळी त्याने देवयानीआत्याला सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

"अरे, वहिनी न्यायला आलीय त्याला!"

"नाही गं आत्या, आई उठवत होती त्यांना..."

"गेलेलं माणूस कशाला उठवेल? तू गप्प बस."

अष्टमीला ती टेंभी नाक्याच्या देवीचा अंगारा घेऊन आली. भावाच्या कपाळाला लावला, पलंगाभोवती त्याचंच रिंगण घातलं. माया हो तिची, दुसरं काय!

जागरणाने साकेत पार मोडला होता. रिंगणाबाहेर, जमिनीवर चादर टाकून त्याने जरा पाठ टेकली. जरा म्हणजे जराच. वर घोरणं चालू होतं.

मग थांबलं.

साकेत झोपलेला.

वॉर्डात चिडीचूप...

पलंगावर काही हललं नाही.

सकाळी नर्सच्या हाकेने तो जागा झाला, तेव्हा गुरुदत्त थंडगार पडले होते. साकेत उठायला गेला आणि कळवळून खाली बसला. कूस ठणकत होती. नर्सने त्याचा शर्ट वर केला.

काखेपासून कमरेपर्यंत काळेनिळे डाग. कोपराएवढे. एकावर एक, एकावर एक... मोजता येईनात इतके.