मळभातलं ऊन

एन्ग्रासिया दिमालान्ता आणि तिची मैत्रीण सोलिंग चार दिवसांसाठी बेटं फिरायला पलावानला आल्या होत्या. मनिलात एन्ग्रासिया खासगी तपासाची कामं घ्यायची. इथे मात्र कुणालाही ते सांगायचं नाही, असं सोलिंगने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. ते कबूल केलेलं दुसऱ्याच सकाळी मोडलं, कारण बोलघेवड्या सोलिंगनेच ते खानावळीत सांगून टाकलं होतं.

फेली नावाची तरुणी व्हरांड्यात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"मॅम, माझी मैत्रीण काल पाण्यात गेली. पोलीस म्हणतात, बुडाली. पण हर्मिनिया माशासारखी पोहायची."

"बस आधी," एन्ग्रासिया म्हणाली. "कोण कोण होतात?"

"हर्मिनिया, मी आणि कुया क्रिसान्तो, माझा थोरला भाऊ. आणि होडीवाले ताताय इस्लाव. परवा संध्याकाळी इथे पोचलो, कालचा पहिलाच दिवस. आम्ही दोघी इलोइलोच्या एका इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत नर्स आहोत. कुया तिथेच सर्जन आहे."

"सुट्टी कुणी ठरवली?"

"मी. हर्मिनियाला सोमवारी इस्पितळाच्या चौकशी समितीपुढे जायचं होतं, झोप उडाली होती तिची. म्हटलं, समुद्र बघून बरं वाटेल." फेलीने नाक पुसलं. "कुया आयत्या वेळी म्हणाला, मीही येतो."

"ती बुडाली तेव्हा तू कुठे होतीस?"

"किनाऱ्यावर, ताताय इस्लावबरोबर मासे भाजत होते. होडी खडकाच्या पलीकडे नांगरलेली, दिसत नव्हती. कुयाला बोट लागली होती, तो होडीतच झोपून होता. हर्मिनिया चष्मा आणि तोंडात श्वास घ्यायची नळी लावून प्रवाळ बघायला एकटीच पाण्यात उतरली. तिचा पाण्यातला चष्मा खास नंबरचा करून घेतलेला होता. तो नसला की तिला समोरचा माणूस म्हणजे नुसता धूर."

"प्रेत सापडलं तेव्हा तो चष्मा होता?"

"डोळ्यांवरच होता."

ताताय इस्लाव धक्क्यावर आपल्या 'बांका' होडीजवळ बसला होता. बाजूंना बांबूचे पंख लावलेली ती होडी पोलिसांनी अडकवून ठेवली होती. सोलिंगच्या मते गुन्हेगार हाच. प्रवाळावर नांगर टाकला म्हणून हर्मिनियाने त्याला सकाळीच सगळ्यांदेखत झापलं होतं.

"झापलं खरं," म्हातारा म्हणाला. "चूक माझीच होती. म्हणून काय लेकीसारख्या पोरीचा जीव घेईन? जेवायला हाक मारली, आली नाही, म्हणून बघायला गेलो. खडकाआड तरंगत होती."

"तुम्ही मधे किनारा सोडला होता?"

"नाही हो. फेली समोरच होती."

एन्ग्रासियाने होडीवरच्या ताडपत्रीकडे बघितलं. "ही कालही अशीच होती?"

"अशीच. पुढपासून मागपर्यंत. डॉक्टर पहिल्या बेटावरही माडाखाली सावलीतच बसून होते. दिवसभर पाण्याला शिवले नाहीत."

दुपारी डॉक्टर क्रिसान्तो व्हरांड्यात आले. त्या दमट उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब विजार. एन्ग्रासियाने वेताची खुर्ची पुढे केली, पण ते खांबाला हात लावून उभेच राहिले.

"काल उलट्यांनी जीव गेला माझा," ते हळू आवाजात म्हणाले. "दिवसभर सावली सोडली नाही. पाण्यात तर उतरलोच नाही."

"हर्मिनिया शेवटची कधी दिसली?"

"खडकाकडे पोहत होती. लांबून तिने चष्मा कपाळावर चढवला, खुणेनेच विचारलं, पोट कसं आहे? मी अंगठा दाखवला. ती हसली, चष्मा खाली ओढला आणि गेली." त्यांनी तोंड फिरवलं.

ते गेल्यावर सोलिंग म्हणाली, "दुःखाने बसवतही नाही बिचाऱ्याला."

"त्यांना बसवत नाही, हे मात्र तू बरोबर पाहिलंस," एन्ग्रासिया म्हणाली आणि चौकीकडे निघाली.

संध्याकाळी त्याच व्हरांड्यात सगळे जमले. सार्जंट आबुएग दाराशी उभा होता. दिवसभर सूर्य दिसला नव्हता, आदल्या दिवशीही नाही.

"डॉक्टर, बसा," एन्ग्रासिया म्हणाली. "चांगलं टेकून बसा."

क्रिसान्तो बसले. पाठ टेकताच त्यांचा चेहरा पिळवटला.

"विजार जरा वर घ्याल?"

ते हलले नाहीत. सार्जंट पुढे झाला, तेव्हा त्यांनीच विजार वर ओढली. नडग्या जशाच्या तशा होत्या. पोटऱ्या मात्र लालभडक, फोड आलेल्या.

"पण काल ऊन कुठे होतं?" सोलिंग म्हणाली.

"मळभातही कातडी भाजते. शहरातली माणसं तिथेच फसतात. चालणारा माणूस पुढून-मागून भाजतो, झोपलेला ताडपत्रीखाली भाजतच नाही. नुसती मागची बाजू भाजते ती पाण्यात तोंड खाली घालून बराच वेळ तरंगणाऱ्याची." ती क्रिसान्तोंकडे वळली. "आणि तो अंगठा. चष्मा कपाळावर असताना हर्मिनियाला तुम्हीच दिसला नसता, अंगठा कुठला दिसणार? ती जिवंत असताना तुम्ही होडीत होता हे पटवायला रचलेली गोष्ट ती."

एन्ग्रासियाने सार्जंटकडे पाहिलं.

"सोमवारची चौकशी कुणाची होती, हे दुपारी सार्जंटनी इलोइलोला फोन करून विचारलं. तुमची, डॉक्टर. तुम्ही पिऊन ऑपरेशन केलंत आणि रोगी टेबलावरच दगावला. हर्मिनिया ते सांगणार होती."

क्रिसान्तो जमिनीकडे बघत राहिले. "मी तिला फक्त विनवायला गेलो होतो."

"पाण्यात विनवता येत नाही. तुम्ही बराच वेळ तिच्या मागे मागे पोहत राहिलात. मग मागून तिची श्वास घ्यायची नळी दाबून धरलीत."

"फेली," ते म्हणाले, "तू तरी काही बोल."

फेली जणू भिंतीशी बोलत होती. "त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीत मीही होते. हर्मिनिया म्हणाली, तूही चल समितीपुढे. मी म्हटलं, भाऊ आहे गं माझा. तिने पुन्हा विषय काढला नाही. आता मी जाईन. तिने जे सांगितलं असतं, ते मी सांगेन."

सार्जंट क्रिसान्तोंना घेऊन गेला. जाताना त्यांनी बहिणीकडे पाहिलं, तिने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीवर शवपेटी चढवली. ताताय इस्लावने एका बाजूने खांदा दिला. फेली धक्क्यावर एन्ग्रासियापाशी आली.

"आमची आणि हर्मिनियाची घरं एकाच गल्लीत आहेत, मॅम. दोघी आया सकाळी एकत्र बाजाराला जातात. पोचल्यावर आधी कुणाच्या दारात जाऊ?"

सोलिंगने एन्ग्रासियाकडे पाहिलं. एन्ग्रासियाने फेलीची पिशवी उचलली आणि फळीवरून तिच्यासोबत बोटीपर्यंत चालत गेली.