लाटा नसलेली जागा

शिट्टी ऐकू आली तेव्हा मी टेकडीवरून खाली उतरत होते, पेटिग्रूबाईंची विसरलेली टोपी हातात घेऊन. एकदा नाही, तीनदा वाजली. खाली बघते तर काय, थोरल्या किनाऱ्यावर लाल चड्डीतला एक उंच बाबा आमच्या पेटिग्रू नवराबायकोला हातवारे करकरून पाण्याबाहेर काढतोय.

माझं डोकंच फिरलं.

आमच्या गेस्टहाउसमधल्या पाहुण्यांनी कुठे पोहायचं, हे मी ठरवते. रोज पहाटे कड्यावर जाऊन समुद्र बघते आणि न्याहारीला खोबऱ्याची भाकरी वाढता वाढता सांगते — आज थोरला किनारा, आज धाकटा, आज कुठेच नाही, गपचूप व्हरांड्यात पडून राहा. मला लहानाचं मोठं करणारी माझी मावशी, टँटी व्हर्ना, पाहुण्यांना सांगते, "केझायाला विचारा. समुद्र तिच्या खिशात आहे." टोबॅगोच्या या बाजूला मला विचारल्याशिवाय कुणी पाहुणा पाय भिजवत नाही, आणि हा कोण टिकोजीराव?

"अहो, काय चाललंय काय?" मी धापा टाकत विचारलं.

"तुमचे पाहुणे का?"

"माझेच. मीच पाठवलंय त्यांना इथे. दोन्हीकडे लाटा फुटतायत, पण मधला तो पट्टा बघा की, कसा ताटासारखा शांत आहे. म्हटलं, तिथेच उतरा."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही… म्हणजे काहीतरी वेगळंच लक्षात आल्यासारखा.

"लाटा नाहीत म्हणून?"

"मग काय, लाटा आहेत म्हणून पाठवू?"

त्याने वाळूतलं नारळाचं एक सोडण उचललं आणि त्या शांत पट्ट्यात भिरकावलं. सोडण दोन क्षण जागच्या जागी डुललं. मग दोरी बांधून ओढावं तसं सरळ आत निघालं. फुटणाऱ्या लाटांच्या मधून, कोळ्यांच्या बोटींच्याही पलीकडे. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. पन्नासपर्यंत पोचायच्या आत ते दिसेनासं झालं.

"लाटा पाणी किनाऱ्याकडे आणतात," तो म्हणाला. "ते कुठून तरी परत जाणारच ना. जिथून जातं, तिथे लाट फुटत नाही."

पेटिग्रूबाई तिथे कमरेपर्यंत उतरल्या होत्या. माझ्या सांगण्यावरून.

"पण केझाया तर म्हणाली होती की…" पेटिग्रूसाहेबांनी सुरुवात केली.

"त्यांनी बरोबरच सांगितलं होतं," तो पटकन म्हणाला. "ओहोटी आत्ता लागली, त्यानंतर बदललं सगळं. लाल बावटा लावायला मलाच उशीर झाला. माफ करा."

धादांत खोटं. ओहोटी पहाटेपासूनच होती. मला माहीत होतं आणि त्यालाही. पाहुणे अंग पुसायला गेले, तसा तो हळू आवाजात म्हणाला, "पाण्यात उतरणारं माणूस ती जागा सांगत नाही. तुम्हाला पोहता येत नाही… हो ना?"

चोवीस वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

"येतं की."

"चला मग धाकट्या किनाऱ्यावर. आत्ता."

"आत्ताच जेवलेय."

"दहा वाजलेत सकाळचे."

"केस कालच विणून घेतलेत."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा अर्धा मिटायचा. हे मी त्या दिवशीच बघून ठेवलं, खोटं कशाला बोलू.

मग सांगून टाकलं. सात वर्षांची असताना भावंडांनी मला धक्क्यावरून पाण्यात ढकललं, अर्धा समुद्र पोटात गेला, सगळे हसले, मीही हसले… आणि त्यानंतर गुडघ्याच्या वर कधी भिजलेच नाही. "गावाला कळलं तर माझं ऐकेल कोण?"

"माझ्याकडून नाही कळणार. पण मी शिकवीन."

"कुठे? जिथे कुणी नसेल अशा एखाद्या…"

"माणसं नसतील तिथे पोहायचं नाही. हे तुम्हीच पाहुण्यांना सांगता म्हणे."

त्याचं नाव लिन्डन. शेजारच्या त्रिनिदाद बेटावरून, तिथल्या मायारोहून आलेला, म्हणजे आमच्या गावच्या हिशेबाने आधीच संशयित. लाइफगार्ड म्हणून ईस्टरपर्यंतच इथे. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकलंही होतं मी. लक्षात ठेवायला हवं होतं.

धाकट्या किनाऱ्यावर सकाळी सहाला गावच्या सगळ्या मावश्या गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून जगाची उणीदुणी काढतात. मी टॉवेल गुंडाळून लिन्डनबरोबर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. टँटीने मान वळवली.

"आलीस एकदाची. सतरा वर्षं वाट बघतेय मी."

"तुला माहीत होतं?"

"अगं, लहानपणापासून सगळ्यांचे टॉवेल सांभाळत बसतेस. मी काय आंधळी आहे?"

"मग पाहुणे माझ्यावर का सोपवलेस?"

"घाबरतेस म्हणूनच. आपल्या घरातल्या शूर माणसांनी आजवर दोन बोटी बुडवल्यात." आणि लिन्डनला वरपासून खालपर्यंत न्याहाळत ती म्हणाली, "त्रिनिदादचा ना तू? हात नीट जागेवर ठेव."

"पाठीखाली, टँटी. फक्त पाठीखाली."

मावश्या फिदीफिदी हसल्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, पण पायाखाली नुसतं पाणी.

पाच आठवडे रोज. तो पाठीखाली तळवा धरायचा आणि मी आकाशाकडे बघत लाकडासारखी ताठ. "सांगितल्याशिवाय हात काढणार नाही," हे त्याने एकदाच म्हटलं आणि पाळलं. मी "अजून नको" म्हणायचे, तो "बरं" म्हणायचा. कधी उन्हातच पावसाची सर यायची, थेंब तोंडावर टपटपायचे, तो दुसऱ्या हाताने माझ्या डोळ्यांवर आडोसा करायचा. 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"आता तर तू सहज तरंगशील," एकदा तो म्हणाला.

"मग शिकवणी संपेल."

"हो… मग राहू दे."

प्रेमात पडले होते मी. चांगली धाडकन पडले होते. भाकऱ्या करपत होत्या, पाहुण्यांना चहात मीठ जात होतं.

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी तो पाण्यात शिरताच म्हणाला, "ऑफिसातून फोन होता. मायारोला परत ये, नाहीतर इथेच आणखी दोन वर्षं राहा. आज दहापर्यंत कळवायचंय."

"मग… काय कळवणार?"

"तू सांग. कुणी कुठे जायचं ते तूच ठरवतेस ना?"

मी तोंड उघडलं. थांब, एवढा एकच शब्द होता. आणि माझ्यासारखी चुरूचुरू बोलणारी बाई काय म्हणाली? "आई वाट बघत असेल तुझी."

"हो," तो म्हणाला. "बघतेय." आणि नजर दुसरीकडे वळवली.

इतकी मूर्ख मी कधीच नव्हते. पाठीवर आडवी झाले. त्याचा तळवा आला, नेहमीसारखाच. कान पाण्याखाली गेले आणि सगळं जग गप्प झालं. वर आकाश आणि त्याचा चेहरा, एवढंच. डोळा आज मिटत नव्हता. दहा वाजता तो फोन करणार, मंगळवारच्या बोटीने जाणार, आणि मी पाहुण्यांना भाकऱ्या वाढत राहणार. छातीत असं दुखलं की पाण्याची भीतीच विसरले.

"काढू?" त्याचे ओठ हलले.

"काढ," मी म्हटलं. "पण तू जाऊ नकोस, लिन्डन. मला तू हवा आहेस. रोज हवा आहेस."

कान पाण्यात असले की आपला आवाज किती चढतो ते आपल्याला कळत नाही. मी आपलं हळूच म्हटलं होतं. पण मान जराशी वळवली तर एकूण एक मावश्या गप्प उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

त्याने हात काढला. मी तरंगतच होते. तो काहीतरी बोलला, बराच वेळ बोलला, आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. धडपडत उभी राहिले, नाकातोंडात पाणी, "काय… काय म्हणालास?"

"राहतो म्हणाला गं," टँटी ओरडली. "आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"तुला नाही विचारलं. त्याला सांगू दे."

तो जवळ आला. डावा डोळा अर्धा मिटला.

"राहतो. आणि आईला आजच सांगतो, पोरगी टोबॅगोची आहे, आवाज मोठा आहे, पण तरंगते."

मी त्याच्या तोंडावर ओंजळभर पाणी मारलं आणि सगळ्या मावश्यांच्या देखत त्याच्या गळ्यात पडले.