शहाताकाकांकडची बिनसाखरेची कॉफी

आत या, दार ओढून घ्या. सांगतोय ते आपल्या पोर्ट सईदमधल्या रऊफचं, माझ्या पलीकडच्या गल्लीतल्या. खोटं वाटलं तर त्याला विचारा. तोही हेच सांगेल, पण तुमच्याकडे न बघता.

जानेवारीची अठरा तारीख, गुरुवार. कैरोला चार-पाच दिवस राहून परतलेला रऊफ रात्री सव्वाअकराच्या फेरीबोटीने कालव्यापलीकडे, पोर्ट फुआदला निघाला. बगलेत कागद होते. एका चॅनेलला त्याचा सिनेमा घ्यायचा होता, त्यासाठी शहाताकाकांची सही हवी होती. काम एवढंच.

सिनेमा तुम्ही पाहिलाच असेल. आपला गायक हिलाल अठ्ठ्याहत्तर साली नाव उलटून समुद्रात बुडाला, प्रेत मिळालं नाही, एवढं त्यात खरं. बाकी सगळं रऊफच्या डोक्यातलं. म्हणे हिलाल बुडालाच नाही, एका गाण्यापायी सरकारने त्याला गुपचूप उचललं. आणि त्याला पकडून देणारा कोण, तर त्याचा जोडीदार शहाता, त्याच्या प्रत्येक गाण्याला सिमसिमिया, आपलं ते तारांचं वाद्य, वाजवणारा! खऱ्या फोटोंत खोटी पत्रं मिसळली, नटांना साक्षीदार केलं. “गंमत आहे काका, कोण खरं मानणार?” असं म्हणून म्हाताऱ्यालाही कॅमेऱ्यापुढे बसवलं.

काका सरळपणे बोलले, “नावेत मीच बसवलं त्याला. तापानं फणफणला होता, डॉक्टर पलीकडे होता.” रऊफने पहिलं वाक्य ठेवलं, दुसरं कापलं. शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘सर्व काल्पनिक’ असं लिहिलं. तोवर लोक उठून चालायला लागलेले असतात.

गावाने खरं मानलं. काकांनी तारा छेडल्या की कॉफीखान्यातल्या टाळ्या थांबायच्या. टाळीवाचून सिमसिमिया कसली रे? एकदा मीही हात मांडीखाली घेतले. लाज वाटते सांगायला.

फेरीवर चहावाला रऊफला म्हणाला, “काय डायरेक्टर, सापडला का हिलाल?”

“शोधतोय.”

“त्या म्हाताऱ्याला सोडू नकोस हां! जोडीदाराला विकून खाल्लं मेल्यानं.”

“तसं नाही रे, ते सगळं मी…” रऊफने वाक्य गिळलं. चहाही तसाच ठेवला. आधी सही घेऊ, मग माफी मागू, असं त्याने ठरवलं होतं. हा क्रम त्याचा त्यालाच आवडत नव्हता.

काकांचं दार उघडं होतं. वीज गेलेली. आतून हाक आली, “ये, रऊफ. बस.”

खोलीभर रांगेत खुर्च्या. खुर्च्यांवर माणसं. अंधारात तोंडं दिसत नव्हती, कपांची किणकिण तेवढी ऐकू येत होती. रऊफचा जीव भांड्यात पडला. मैफल पुन्हा जमली होती! म्हणजे लोक विसरले. म्हणजे आता माफी मागायची तरी काय गरज?

काकांनी त्याच्या हातात कॉफी दिली. साखर किती, ते विचारलं नाही.

“काका, एक सही हवी होती.”

काकांनी कागद हातात घेतलेच नाहीत.

“लोक जमलेत की! बरं झालं. म्हणजे आता तो विषय…”

काका बघत राहिले.

कॉफी कडूजहर. रऊफने कशीबशी संपवली आणि सवयीने म्हणाला, “दायमन, काका.”

सगळे कप एकदम खाली ठेवले गेले.

पाहुणचाराची कॉफी प्यायल्यावर आपण दायमन म्हणतो, सदैव असंच मिळो म्हणून. दुखवट्याच्या घरी कोणी म्हणतं का? तिथे ते म्हणणं म्हणजे या घरात सदैव मरण येवो असं म्हणणं.

रांगेतल्या खुर्च्या. बिनसाखरेची कॉफी, दुखवट्याला देतात तशी. आता कुठे त्याला उमगलं…

“काका… कोण गेलं?”

“काका?” त्याने पुन्हा विचारलं.

काका त्याच्याकडे बघत होते. रागाने नाही. लाजून. त्याच्या वतीने लाजून.

पुढच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. एकच. ओल्या हातांची.

रऊफ पळाला. कागद तिथेच पडले.

सकाळी तो परत गेला. काकांची मुलगी इनआम कुलूप काढत होती.

“आता आलास? बाबा रविवारी गेले.”

“पण काल रात्री मी…”

“मी तीन रात्री खुर्च्या मांडून बसले. रोज तीस कपांची कॉफी केली आणि ओतून दिली. कुत्रं फिरकलं नाही. आज भाड्याच्या खुर्च्या परत न्यायला येतील. काल मी मावशीकडे होते, किल्ली माझ्या कमरेला. तू आत गेलासच कसा?”

तीन रात्री, पोरांनो. मी इथून उठलोसुद्धा नाही.

रऊफने उंबऱ्यावर बसून तिला सगळं सांगितलं. कापलेलं वाक्यही सांगितलं.

“मला काय सांगतोस?” ती म्हणाली. “लोकांना सांग.”

त्याने सांगितलं. चौकात उभा राहून, रडत. चॅनेलला नाही म्हणाला. पण लोक आता म्हणतात, रऊफलाही कुणीतरी विकत घेतलं. त्याचं खोटं त्याच्याहून मोठं झालंय.

हां, त्या सकाळचं राहिलं. दोघं आत गेली. कागद जमिनीवर पडलेले. खुर्च्यांवर धूळ. फक्त पुढच्या रांगेतली तिसरी खुर्ची चिंब भिजलेली, खाली थारोळं. छत कोरडं, नळ बंद. इनआमने बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

भाडेवाल्याने ती खुर्ची परत घेतली नाही. इनआम रोज पुसते. मी स्वतः हात लावून पाहिलाय…

अजून ओली आहे.