भिंतीवरचं अंगण

बंद ट्रेलर विकत घ्यायचा तर आधी आत शिरायचं, दार लावून घ्यायचं आणि उजेड कुठून येतो ते बघायचं. जिथून उजेड, तिथून पाऊस. वर्नाला हे लीलंडने शिकवलं होतं. सामान वाहायचा स्वस्तातला ट्रेलर घेऊ, त्यात पलंग आणि शेगडी बसवू, नेब्रास्कातून निघू ते थेट समुद्रापाशी थांबू, असे नवराबायकोचे बेत कित्येक वर्षं चालले होते. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी लीलंड गेला. आता वर्ना एकटीच निघायचं म्हणत होती, आणि तिची धाकटी बहीण आर्लीन डोक्याला हात लावून बसली होती.

"या वयात डब्यात राहायला निघालीस!" पिकअपमधून उतरता उतरता आर्लीन म्हणाली. "माझ्याकडे रिकामी खोली आहे, गरम पाणी आहे, मी आहे."

"तू आहेस म्हणूनच येत नाही," वर्ना म्हणाली.

खरं कारण वेगळं होतं. घरातल्या प्रत्येक खोलीत लीलंड नव्हता, आणि बहिणीच्या घरीही तो नसणारच होता. रस्त्यावर निदान त्याने आखलेला बेत तरी सोबत असेल, एवढीच तिला आशा होती.

धान्याच्या कोठारांपलीकडे, कुंपण घातलेल्या उघड्या मैदानात डेन्टन जुने ट्रेलर विकायचा. पहिल्याचं छत इतकं खाली होतं की वर्नाला वाकावं लागलं. दुसरा दिसायला झकास, पण ती खाली गुडघ्यांवर बसली तर सांगाडा गंजून पापुद्रे सुटलेले. तिसरा पांढरा, उंच. तिने तळाच्या फळ्यांवर पाय आपटून बघितले. कुठे दबलं नाही. किंमतही कमी.

"याच्यात खोट काय आहे?"

"भोकं आहेत, बाई," डेन्टन म्हणाला. "कुणाच्या तरी दुकानाची पाटी होती वर. पाटी गेली, भोकं राहिली. काय ठेवणार आत, कोंबड्या?"

"मलाच ठेवणार आहे," वर्ना म्हणाली आणि आत जाऊन तिने दार ओढून घेतलं.

आत प्लायवुडचा आणि जुन्या रबराचा वास होता. डाव्या भिंतीत डोक्याच्या उंचीवर उजेडाचे ठिपके होते. ती एकेकावर सोबत आणलेली चिकटपट्टी लावत गेली. शेवटचा एकच ठिपका उरला, आणि समोरच्या भिंतीवर सगळं मैदान उमटलं. आभाळ खाली, जमीन वर, ट्रेलर चाकं वर करून पडलेले. वर्नाला हसूच आलं. ग्रहणाच्या वेळी लीलंडने खोक्याला भोक पाडून सूर्य असाच दाखवला होता. अंधार आणि भोक, दुसरं काही लागत नाही.

मग तिला कुंपणापाशी माणूस दिसला. बोटाच्या पेराएवढा, धूसर. एक खांदा जरा पाडून उभा. लीलंड असाच उभा राहायचा, चर्चमध्येसुद्धा.

तिने दार उघडलं. आर्लीन आणि डेन्टन पिकअपपाशी गप्पा मारत होते.

"कुंपणापाशी कोण होतं?"

"कुंपणापाशी?" डेन्टनने मान वळवली. "वारा."

वर्नाने घासाघीस न करता ट्रेलर घेतला. आर्लीन बघतच राहिली.

घरामागच्या अंगणात उभा करून तिने भोकं बुजवली. एक तेवढं ठेवलं. दुपारचं सूप झालं की ती आत पालथ्या बादलीवर बसायची आणि दार लावून घ्यायची. भिंतीवर उलटं झाड, उलटं फाटक, कपड्यांची दोरी. आणि तो. आधी फाटकापाशी असायचा. मग दोरीपाशी आला. एकदा ती धावत बाहेर गेली. दोरीवरच्या चादरी हलत होत्या, बाकी कुणी नव्हतं. भीती? छे! कित्येक महिन्यांनी तिला भूक लागू लागली होती. ती त्याच्याशी बोलायची, पाना कुठे ठेवलास म्हणून विचारायची, आणि बोलता बोलता रडायची. पलंग तिने दोघांच्या मापाचा केला.

निघायच्या दिवशी आर्लीन निरोपाला आली. पलंग बघून म्हणाली, "एकटीला एवढा? लोळणार आहेस का?"

वर्नाला राहवेना. दुसऱ्या कुणाला तो दिसला, तर तो खराच असणार. "बस इथे," ती म्हणाली आणि दार लावलं.

"अगंबाई!" आर्लीन लहान मुलीच्या आवाजात ओरडली. "झाड बघ! माझी गाडी बघ, चाकं वर! आणि हा कोण गं?"

वर्नाचे डोळे भरून आले. "दिसतोय तुला?"

"दिसतोय की, एवढा मोठा. पण वर्ना, सगळं उलटं आहे ना? मग हा सरळ कसा उभा?"

वर्नाने बघितलं.

माणूस सरळ उभा असला तर त्यात खटकायचं काय? म्हणूनच इतके दिवस तिच्या ध्यानात आलं नव्हतं. झाड वरून लोंबत होतं, फाटक वरून लोंबत होतं. याचे पाय मात्र ट्रेलरच्या फळ्यांना टेकले होते.

बाहेरचं जे भोकातून येत होतं, ते उलटं येत होतं.

तो बाहेरून येत नव्हता.

तिने हात मागे नेला आणि भोकावर अंगठा दाबला. झाड गेलं. फाटक गेलं. गाडी गेली.

तो तेवढा राहिला. अंधारात दिसायचं काही कारण नव्हतं, तरी दिसत होता.

आर्लीनने तिचं मनगट घट्ट धरलं.

"लीलंड?" वर्नाने विचारलं.

त्याने सावकाश, नाही म्हणून मान हलवली.