तरवडाचे कान

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक रविकांत देवचक्के यांना गावठी औषधांचा मनस्वी तिटकारा होता. तिसगावच्या माळावर ते आले ते त्यांचा निकाल लावायलाच.

ऑक्टोबरचं ऊन, पायाखाली मुरूम, आणि कमरेएवढ्या तरवडावर पिवळ्याधमक फुलांचे घोस. गावात औषध देणारी राहीबाई पुढे चालत सांगत होती, "फुलांचा काढा साखरेच्या दुखन्यावर. बी उगाळून डोळ्याला. सालीच्या पान्यानं गुळन्या केल्या की आलेलं तोंड बरं व्हतं. पाय मुरगाळला तर पाला वाटून बांधायचा."

सरांनी वहीत प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द लिहिला: निराधार.

फूल मात्र त्यांनी भिंगाखाली मन लावून पाहिलं. पाच पाकळ्या, दहा पुंकेसर, त्यातले वरचे तीन वांझ. मग त्यांनी कात्री काढली.

"थांबा सर. कुनासाठी तोडताय, त्याचं नाव सांगा झाडाला." पानाच्या देठाशी असलेल्या गोल, पाळीसारख्या पापुद्र्यावर तिनं बोट ठेवलं. "ह्यो कान हाय त्याचा."

"उपपर्ण म्हणतात त्याला, बाई. पाचवीतल्या पोराला कळतं."

तिचा चेहरा पाहून त्यांना चेष्टेची लहर आली. ते वाकले, त्या पाळीला तोंड लावून म्हणाले, "रविकांत. प्रकृती ठणठणीत." आणि फांदी कापली.

राहीबाई हसली नाही. "आजारी मानसाचं नाव घेत्यात, सर. तो दुखनं वढून घेतो. धडधाकटाचं काय वढून घ्यावं त्यानं?"

त्या दिवशी एकही फूल न तोडता ती रिकामी टोपली घेऊन परत गेली. सरांनी वहीत लिहिलं: अज्ञान, वर नाटकीपणा.

नगरला कॉलेजात त्यांनी फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून लाकडी पाट्यांमध्ये आवळली. तरवड कोरड्या माळाचं झुडूप. फांदी चार दिवसांत वाळून कडक व्हायला हवी होती. सहाव्या दिवशी प्रयोगशाळेतली सविता म्हणाली, "सर, फांदी वाळतच नाहीये. कागद रोज भिजलेला निघतो."

"तू रोज बदलत नसशील."

"दोनदा बदलते, सर."

त्यांनी स्वतः पाहिलं. फुलं टवटवीत होती. काल मिटलेल्या दोन कळ्या दाबाखालीच उमलल्या होत्या.

त्याच आठवड्यात त्यांना तहान लागू लागली. केडगावच्या घरून निघताना ते दोन बाटल्या भरत, पहिल्या तासालाच संपवत. साखर तपासली, अगदी नॉर्मल. कमरेच्या पट्ट्याला मात्र नवीन भोक पाडावं लागलं.

बाराव्या दिवशी ते तिसगावला गेले. दुसरा नमुना हवाय, असं स्वतःलाच सांगत. राहीबाई ओट्यावर दोन बायांशी बोलत बसली होती. तिनं त्यांच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं.

"फांदी आना, बुडाशी ठिवा, आन् चुकलो म्हना. मोठ्यानं म्हना. एवढंच हाय."

दोन्ही बाया टक लावून पाहत होत्या. झुडपाची माफी! आणि ती यांच्यासमोर! रविकांतांना घसा कोरडा पडल्याचा राग आला, त्या ओट्याचा आला, तिच्या शांत आवाजाचा आला.

"बाई, बावीस वर्षं शिकवतोय मी. असल्या भाकडकथा तुमच्या गिऱ्हाइकांना सांगा."

ते गाडीत जाऊन बसले. बाटलीतलं उरलेलं पाणी एका दमात प्यायले. पुरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सवितानं त्यांच्यासमोरच पाट्यांचे पट्टे सोडले. फांदीला कोवळी पालवी फुटली होती. खालचा कागद चिंब होता, पण ओलीचा आकार फांदीचा नव्हता.

पाच बोटं होती. पसरलेला तळवा. त्यातल्या रेषासुद्धा स्पष्ट होत्या.

"सर, तुम्ही कागदावर हात ठेवला होता का?"

रविकांतांनी एकेक रेषा आपल्या तळव्याशी ताडून पाहिली.

"हो," ते म्हणाले.

मग त्यांनी नकळत दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, आणि सवितानं दचकून वर पाहिलं. वाळलेला पाला चुरगळावा तसा आवाज झाला होता.