अर्ध्या पुलावरचं थांबणं

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

तुमचं नाव मला माहीत नाही. नदीवरचा पूल अर्धा बंद ठेवायच्या कागदावर ज्याने सही ठोकली आणि मग गार खोलीत बसून जो सगळं विसरून गेला, त्याला मी बोलतेय. 'काम चार महिन्यांत पूर्ण होईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व' अशी पाटी पुलाशी लावून तुम्ही मोकळे झालात. त्याला दुसरं वर्ष लागलं. उन्हापावसात पाटीवरचं 'चार महिन्यांत' पुसून गेलं, 'क्षमस्व' तेवढं उरलं. अर्ध्या पुलावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जाणार, दुसऱ्या बाजूच्यांनी ताटकळायचं. त्या ताटकळण्यात माझं काय झालं, ते आता ऐकून घ्या. करून सवरून नामानिराळे राहता कसे?

माझी ताई शाळेत गणित शिकवते. त्या वर्षी तिने नवऱ्याचं घर सोडलं आणि माझ्या दोन खोल्यांत राहायला आली. भावोजींनी तिच्यावर कधी हात उगारला नाही, बाहेर काही भानगड केली नाही. फक्त सात वर्षांत एकदाही 'दमलीस का?' म्हणून विचारलं नाही. लोकांना हे कारण पुरत नाही. लोकांना रक्त दिसावं लागतं.

आमचे सगळे नातेवाईक नदीपलीकडे. ताईने ठरवलं, ही बातमी फोनवरून कुणालाही द्यायची नाही.

"मोठी गोष्ट समोर बसून सांगायची, ठमे," ती म्हणाली. "फोनवर सांगितलं की मधल्या जागा लोक आपल्या मनाने भरतात."

म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी गाडी काढायचो. चालवायची ती. मी शेजारी बसून पाण्याची बाटली आणि तिचा मूड सांभाळायची. आज आत्या, मग मामा, मग तिची कॉलेजातली मैत्रीण. प्रत्येक घरी तोच सोफा, तोच चहा, तेच "अगं, जुळवून घ्यायचं असतं." मैत्रिणीने तेवढं काही न विचारता उशी आणून दिली आणि "झोप थोडी" म्हणाली. ताई तिथे दुपारभर झोपली. बाकी सगळीकडून परतताना तिचा चेहरा धुऊन पिळलेल्या फडक्यासारखा दिसायचा.

पहिल्यांदा तो भेटला तो आत्याकडून येताना. आत्याने निरोप देता देता माझ्या गालाला हात लावला होता, "आता निदान धाकटीचं तरी धड होऊ दे." बारीक पाऊस, काचेवर वायपरची कुरकुर… आणि पुलाच्या तोंडाशी, नेमका आमच्या पुढ्यात, लाल बोर्ड. 'थांबा'.

बोर्ड धरलेला माणूस पिवळ्या जाकिटात होता, नखशिखांत भिजलेला. त्याने ताईच्या काचेवर बोटाने टकटक केली.

"इंजिन बंद करा ताई, पलीकडून मोठी रांग सुटलीय. वेळ लागेल." मग जरा वाकून तिच्याकडे बघत म्हणाला, "दमलात का?"

झालं. माझी ताई, जिने आत्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून रडायला लागली.

मी दार आपटून खाली उतरले. "काय बोललात तुम्ही तिला?"

"दमलात का… एवढंच."

"अनोळखी बाईला असलं विचारतात?"

"मी सगळ्याच गाड्यांना विचारतो," तो गोंधळून म्हणाला. "थांबवतो मीच ना? मग निदान विचारावं तरी."

"आणि लोक काय म्हणतात?"

"शिव्या देतात बहुतेक. रडलं अजून कुणी नव्हतं." त्याने जाकिटाच्या आत हात घालून एक कोरडा रुमाल काढला. "हा त्यांना द्या. आणि तुम्ही आत बसा, भिजताय."

"तुम्ही नाही भिजत?"

"मला पगार मिळतो त्याचा."

मला हसायचं नव्हतं. पण हसू आलं, आणि ते त्याने पाहिलं. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरची वॉकीटॉकी खरखरली, पलीकडच्या टोकावरचे काका ओरडले, "सोड रे!" आणि त्याने बोर्ड फिरवला. हिरवा. 'जा'.

रुमाल आमच्याकडेच राहिला. परत करायला हवाच होता की नाही?

पुढच्या खेपेला बोर्ड पुन्हा आमच्यासमोरच लाल झाला. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मी उतरून सरळ त्याच्यापुढे उभी राहिले.

"मुद्दाम थांबवता आम्हाला."

"छे! बोर्ड माणसं बघून फिरत नाही हो. काकांचा आवाज आला की फिरतो."

"मग दर वेळी आमचीच गाडी पहिली कशी?"

"नशीब," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "माझं, म्हणजे. तुमचं कसं आहे ते तुम्हीच बघा."

आणि तो खरंच मुद्दाम करत नव्हता. एकदा कुठल्याशा मोठ्या साहेबाची गाडी आली, हॉर्नवर हॉर्न, ड्रायव्हर उतरून अंगावर धावून आला. याने बोर्ड हलवला नाही. तुम्हीच असाल आत, कोण जाणे. आणि काकांनी 'सोड' म्हटल्यावर, वाक्य अर्धं तोंडात असलं तरी, तो एक श्वासभरही कुणाला अडकवून ठेवायचा नाही. माझी कितीतरी बोलणी त्या 'सोड'ने मधूनच तोडली… एवढा नियमाचा माणूस! मला त्याचा राग यायचा. आणि रागावता रागावता मी रविवारची वाट बघायला लागले होते.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. त्यामुळे समोरचा माणूस डोळे बारीक करून बघतोय, हे माझ्या आधी लक्षात येतं, मग त्याचं रूप. हा सारखाच बारीक करायचा.

"त्या तिसऱ्या ट्रकच्या मागे काय लिहिलंय, वाचा बघू."

त्याने मान पुढे काढली. "'जवळ या'."

"'अंतर ठेवा' लिहिलंय!"

"मला 'जवळ या'च दिसतंय."

"मग तुमचा नंबर भलताच वाढलाय."

"कधीपासून वाढलाय तेही सांगू का?" असं म्हणून तो असा बघायला लागला की मला ट्रक, पूल, नदी, काहीच वाचता येईना.

"डोळे तपासून नंबर आण," मी म्हटलं. 'आणा' म्हणायचं राहूनच गेलं. त्याने ते ऐकलं. बोर्डाचा दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

काचा मी स्वतः घासल्या. फ्रेम साधी, काळी. त्याला पुलाच्या कठड्याला टेकून उभं केलं, फ्रेम नाकावर बसवली, कानामागे दांडी नीट केली. माझी बोटं कामाची आहेत, रोज कितीतरी कानांमागून फिरतात. त्या दिवशी तीच दांडी मी दोनदा बसवली.

"आता दिसतंय?"

"अरेच्चा… पलीकडचं झाडसुद्धा दिसतंय! पानं आहेत त्याला." मग वळून माझ्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिला. "तुझ्या भुवईवर तीळ आहे."

"आधीपासूनच आहे."

"माझं बरंच नुकसान झालं म्हणायचं."

गाडीत परत बसले तर ताई डोळे मिटून मागे टेकून होती. झोपली असेल, असं मी समजले. तिला काही सांगायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ज्या बाईला घरोघर जाऊन आपलं मोडलेलं लग्न मांडावं लागतंय, तिच्यापुढे मी कुठल्या तोंडाने माझं मांडू? तिचं सांगून झालं होतं सगळ्यांना, तरी फेऱ्या थांबत नव्हत्या. "मामीने बोलावलंय", "आत्याचा गुडघा दुखतोय", "मैत्रिणीचं पुस्तक द्यायचंय". मला वाटायचं, हिचं अजून मन मोकळं होत नसेल. आणि परत आलो की रात्री ती पाय पाण्यात सोडून बसायची, इतकी थकलेली की बादली उचलायलाही मी लागायची. हिला टाकून मी कुठे जाऊ?

मग एका रविवारी त्याने माझं हसू परत केलं नाही.

"काम संपलं," तो म्हणाला. "परवा पूल उघडतोय. मला बोगद्याच्या कामावर टाकलंय… लांब. इथून सहा तास."

दोन वर्षं ज्या पुलाला शिव्या घातल्या, तो इतक्यात का पुरा होतोय, असं झालं मला. साहेब, एक काम तुम्ही पुरं करायचं नव्हतंत, ते हेच.

"तू… म्हणजे, मला बोलता येत नाही फारसं," तो बोर्डाकडे बघत म्हणाला. "पण तिथे क्वार्टर मिळतेय. गावात चष्म्याची दोन दुकानं आहेत, मी जाऊन बघून आलोय. तुला चालणार असेल तर… लग्न करशील माझ्याशी?"

मी मागे वळून गाडीकडे बघितलं. ताई काचेआडून समोर बघत होती. थकलेली, एकटी.

"सोड रे!" वॉकीटॉकी ओरडली.

त्याने बोर्ड फिरवला. हिरवा. मागून हॉर्न. मी गाडीत बसले, आम्ही निघून गेलो. उत्तर न देताच.

चष्म्याच्या पावतीवर मी माझा नंबर लिहून दिला होता, त्यावर दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. 'फोनवर सांगितलंस तरी चालेल. नाही असेल तरी सांग.' मी लिहायचे आणि पुसायचे. लिहायचे, पुसायचे.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही मामांकडे निघालो. पूल अख्खा उघडा होता. नवा डांबरी रस्ता, पांढरे पट्टे. आम्ही कशा पार झालो ते कळलंही नाही. आमच्याकडे बघायलाही तिथे कुणी नव्हतं.

पूल संपल्यावर ताईने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"उत्तर दिलंस का त्याला?"

"कुणाला?"

"ठमे, मी गणित शिकवते, आंधळी नाही. बोर्डवाल्याला."

"तुला… तुला कसं…"

"तुला काय वाटलं, दर खेपेला बोर्ड आपल्यासमोर आपोआप लाल व्हायचा?" तिने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "लांबूनच हिरवा दिसला की मी गाडी हळू करायची. मागच्यांना पुढे काढून द्यायची. लाल झाला की मग पुढे घ्यायची. किती जणांच्या शिव्या खाल्ल्यात मी! आणि तू चष्मा दिलास त्याला, तर त्या चष्म्यातून त्याने पहिली चोरी पकडली ती माझी. तेव्हापासून लांबूनच हात करायचा मला, लबाड."

मी मांडीवरच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि तसंच पुन्हा लावलं.

"आणि मामी? आत्याचा गुडघा?"

"मग काय, मामीचे टोमणे चौथ्यांदा ऐकायची हौस आली होती मला?" ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं ना गं, दमलात का… सात वर्षं मी ते ऐकायला थांबले होते. म्हटलं, असा माणूस हिला मिळाला तर माझ्या खेपा वाया नाही गेल्या."

"पण तू एकटी…"

"मी एकटी होते ती तिकडे. तुझ्या दोन खोल्यांत आल्यावर नाही. आणि माझ्यासाठी म्हणून तू घरात बसलीस, तर उद्या मी त्याचंही ओझं वाहायचं का? आधीच कमी आहे?" तिने नाक पुसलं. तोच रुमाल. तो परत करायचा राहूनच गेला होता. "समोर बसून सांगायची मोठी गोष्ट. हो असो की नाही."

तिने फोन काढला. "मामी? आज नाही जमत यायला. नाही, सगळं बरंय. ठमीला एकाला उत्तर द्यायचंय… हो, समोर जाऊन. आल्यावर सांगते."

सहा तास. मधे एकदा चहाला थांबलो, तेव्हा मी ताईला विचारलं, "दमलीस का?" ती म्हणाली, "खूप. चल."

बोगद्याशी पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. डोंगराच्या पोटात काळं भोक, धूळ, ट्रकांची रांग, आणि रांगेच्या तोंडाशी पिवळं जाकीट. काळ्या फ्रेमचा तो चष्मा धुळीने माखलेला. बोर्ड हिरवा होता. ताईने सवयीने गाडी हळू केली, मागच्या दोघांना हाताने पुढे काढलं. बोर्ड लाल झाला. मग तिने गाडी नेऊन नेमकी त्याच्यासमोर उभी केली.

त्याने आमच्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून जाकिटाला पुसला. पुन्हा घातला.

मी उतरले. सहा तास जुळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठे गेलं.

"फोनवर नाही सांगितलं मी," म्हटलं.

"हो… म्हणजे, दिसतंय."

"माझं उत्तर हो आहे."

त्याने बोर्डाचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"थांब. अजून झालं नाही माझं," मी म्हटलं. "तू सगळ्या गाड्यांना विचारतोस, दमलात का म्हणून. नवी गाडी, नवा माणूस, सोपं आहे ते. मी रोज तीच असणार. तेच डोकं, तीच कटकट, दिवसभर काचा घासून आलेली. सात वर्षांनी, घरात, भांडण झालेलं असताना, मला विचारशील?"

वॉकीटॉकी खरखरली. "सोड रे!"

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. मग त्याच्या मागच्याने.

"अरे सोड की! झोपलास काय?"

त्याने बोर्ड फिरवला नाही.

मागे ताईनेही आमच्या गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. माझ्या बाजूने की सगळ्यांच्या, देव जाणे. साहेब, पूल का रखडला याचं उत्तर तुम्ही दोन वर्षांत दिलं नाहीत, आणि देणारही नाही. पण हे उत्तर घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही, रांग डोंगर उतरून खाली गेली तरी चालेल.

"गाड्यांचं राहू दे," मी त्याला म्हटलं. "आधी मला सांग. विचारशील?"