दुसरी पट्टी

आमचा कॉम्प्युटर आमच्या लग्नाहूनही जुना. बटण दाबलं की आधी पंखा घरघरायचा, मग पडदा उजळायचा, तोवर माझा चहा करून, पिऊन, कप विसळूनही व्हायचा. पण प्रूफं तपासायला तो पुरे. शिवाय पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मला आतल्या खोलीतली आमची लेक टिल्ली दिसायची. तिच्या पलंगासमोर मी कॅमेरा लावला होता. नवरा मला हवालदार म्हणायचा. चोर सव्वा वर्षाचा आहे, पळून कुठे जाणार, असं त्याचं म्हणणं.

पण चोर आता कठडा धरून उभा राहायला लागला होता आणि चौकोनातलं चित्र सारखं अडकायचं. एका दुपारी पडद्यावर टिल्ली गाढ झोपलेली, आणि आतून धप्पकन आवाज आला. तिच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ. तिला कडेवर घेऊन बाहेर आले, तर चित्रातली टिल्ली अजून झोपलेलीच.

मेमरी वाढवायची, मी ठरवलं.

दुरुस्तीवाल्यानं जुन्या यंत्रांच्या ढिगातून मेमरीची एक हिरवी पट्टी शोधून दिली. मीच बसवणार म्हटल्यावर त्यानं समजावलं. सोनेरी दात खोडरबरानं पुसायचे, खाच जुळवायची, दोन्ही टोकांचे चिमटे टक् वाजेपर्यंत दाबायचं. घाबरत घाबरत दाबलंत तर बसणार नाही, म्हणाला. घरी येऊन वायर काढली, पत्रा उघडला, आतली धूळ ब्रशनं झाडली आणि श्वास रोखून दाबलं. टक्. टक्. परीक्षेत पहिली आल्यासारखा आनंद झाला मला! चौकोनातलं चित्र आता पाण्यासारखं वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या चित्रात टिल्ली उठली, तिनं कठड्यावर पाय टाकला. मी धावले. आत ती मुठी मिटून झोपलेली. स्वतःलाच हसत मी वळणार, तोच तिनं डोळे उघडले, उभी राहिली, कठड्यावर पाय टाकला. मी तिला वरच्यावर झेललं.

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. म्हणून पलंगाशेजारी घड्याळ ठेवून पाहिलं. पडद्यावर त्याचा मिनिटकाटा थोडा पुढे होता. केबल बदलली, कॅमेरा बदलला. काटा पुढेच. संध्याकाळी नवऱ्याला दाखवलं. त्यानं पाहिलं, आत जाऊन घड्याळ पाहून आला, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काढून टाक ती पट्टी," तो म्हणाला.

"का? तिला लागू नये असं तुला वाटत नाही?"

मी कशाला काढू! टिल्ली जन्मल्यापासून पहिल्यांदाच मी खुर्चीला पाठ टेकून बसत होते. गरम जेवत होते. ती रडायच्या आत मी हजर, पडायच्या आत माझे हात पुढे. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

फक्त एक होतं. दिसायचं ते जरासंच पुढचं. आज पडणार नाही हे कळायचं. पण ताप येईल तेव्हा? शाळेच्या जिन्यावर? रस्ता ओलांडताना? आणि यंत्रात पट्टी बसवायची आणखी एक खाच तर रिकामीच होती.

दुरुस्तीवाला हसला. एवढ्या म्हाताऱ्या यंत्राला आता कुठे शर्यतीत पळवताय, म्हणाला. पण त्यानं आणखी एक पट्टी दिली.

सुट्टीची सकाळ होती. नवरा टिल्लीला मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसलेला, माझ्या शेजारीच. मी पट्टीचे दात पुसले, खाच जुळवली, दाबलं. यंत्र सुरू केलं.

आतली खोली रिकामी होती. चित्रातली नव्हती.

कठड्याचा पलंग गेला होता. घड्याळाच्या जागी दप्तर होतं. नव्या पलंगाच्या काठावर एक मुलगी मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली. कमरेपर्यंत मोकळे केस, ओठाच्या कोपऱ्यातून जीभ बाहेर, टिल्ली काढते तशीच.

"अरे बघ, बघ ना," मी नवऱ्याचा दंड धरला. "केवढी झालीय. धडधाकट आहे रे."

टिल्लीला त्यानं घट्ट धरलं.

मला हसू आणि रडू एकदमच आलं. पुढच्या कितीतरी वर्षांची धास्ती एका क्षणात उतरली. आता मला स्वतःला बघायचं होतं. जाड झाले असेन का? चष्मा लागला असेल?

चित्रातलं दार उघडलं.

नवरा आत आला. कानशिलांवर पांढरे केस, हातात कंगवा. तो तिच्या मागे बसला.

माझ्या शेजारी बसलेल्या या माणसाला टिल्लीच्या केसांत साधी क्लिप लावता येत नाही.

पडद्यावर त्यानं भांग पाडला, तीन पेड घेतले आणि खिडकीबाहेर बघत वेणी घालू लागला. बोटांकडे त्याला पाहावं लागत नव्हतं. मुलीनंही मान वर केली नाही. पान उलटायच्या आधी, सवयीनं, तिनं केसांचा रबर मागे धरला.